कमी केलेला घोडा

“काका, याला आयाळ कशाला?”

वहिनींनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं की मास्तरांना आधी ते कौतुकच वाटलं. त्यांचा घोडा वहिनींच्या दोन बोटांत होता.

“घोड्याला आयाळ असते, वहिनी.”

“असते हो. पण पटावर वारा कुठे सुटतो?”

सगळा कारखाना हसला. खोटं कशाला बोलू, मी जरा जास्तच हसले.

आमच्याकडे बुद्धिबळाचे संच होतात. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी, सगळी लेथवर निघतात. घोडा मात्र लेथवर निघत नाही, तो हातानंच कोरावा लागतो. एका संचात चार घोडे, आणि एकोणतीस वर्षं ते एकच माणूस कोरत आला. म्हणून ते घोडेमास्तर. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. माणूस असा की नाकावर माशी बसू देणार नाही. त्यांच्या टेबलाला कोणी हात लावायचा नाही, त्यांच्या पटाश्या कोणी उचलायच्या नाहीत. मी घासकाम आणि पॉलिश करते, पण घोड्यांना पॉलिशसुद्धा ते स्वतःच करणार. अकरा वर्षांपूर्वी मी एकदा धीर करून म्हटलं होतं, “मास्तर, मला शिकवाल का कोरायला?” तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तू ताटल्या घासतेस तशा सोंगट्या घास. घोडा हे तुझं काम नव्हे.” तेव्हाही सगळा कारखाना हसला होता. ते हसू मी अकरा वर्षं गिळून बसले होते.

तर वहिनी म्हणजे मालकांची सून. डिझाइन शिकून आलेली, बोलायला लाघवी. त्यांनी नवा संच काढला. राजा म्हणजे उंच दांडा, वजीर त्याच्याहून बोटभर ठेंगणा, हत्ती म्हणजे चौकोन, प्यादं म्हणजे नुसती गोटी.

“आणि उंट?” लेथवाल्यानं विचारलं.

“शंकू.”

“बिचारा उंट,” लेथवाला म्हणाला आणि कामाला लागला.

एका मोठ्या दुकानाला ही चित्रं फार आवडली होती. जुने नक्षीचे संच आता बंद होणार हे मालकांनी सांगूनच टाकलं. फक्त घोडा ठरत नव्हता. वहिनींनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, “दहा दिवस देते, काका. या संचात शोभेल असा घोडा दिलात तर तो कायम तुमच्याच हातचा राहील, तुमचं टेबलही राहील. नाहीतर मी घोडासुद्धा मशीनवर घेईन.”

मास्तर सत्तावन्न वर्षांचे. दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचं वय गेलं होतं. तरी म्हणाले, “देतो की. त्यात काय!”

दुसऱ्या दिवशी आयाळ गेली. वहिनी म्हणाल्या, “छान. अजून कमी.” मग कान गेले. “अजून कमी.” मग नाकपुड्या, मग जबड्याची रेघ. रोज सकाळी मास्तर नवा घोडा घेऊन जायचे आणि रोज “अजून कमी” घेऊन परत यायचे. आम्ही पैजा लावत होतो, उद्या काय जाणार म्हणून.

सहाव्या दिवशीचा घोडा मी पाहिला. काहीच नव्हतं त्याला. एक मान, तीही जराशी वळलेली, आणि वर कपाळाचा उतार. पण असं वाटत होतं की आत्ता फुरफुरेल. एवढं काढून टाकून एवढा घोडा उरवायचा, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. हे मी मोठ्यानं बोलायला हवं होतं. जीभ काही झडली नसती माझी.

वहिनींनी तो उलटसुलट करून पाहिला. “सुंदर आहे, काका. पण अजून घोडा दिसतोय.”

“दिसायला नको?”

“ओळखू यावा. दिसू नये.”

मास्तरांनी समजल्यासारखी मान हलवली. परत येताना लेथवाल्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “तुला कळलं का रे?”

“मास्तर, मला प्यादं गोटी का झालं तेही अजून कळलेलं नाही.”

दहाव्या दिवशी पाच नमुने ओळीनं मांडले होते. वहिनी ओठ चावत उभ्या होत्या. मास्तर हात मागे बांधून उभे, परीक्षेला बसल्यासारखे. मी पॉलिशच्या सोंगट्या न्यायला आले होते. मास्तरांच्या टेबलाखाली त्यांचा ट्रे असतो. त्यात ठोकळे असतात, वरच्या बाजूला करवतीचा एक तिरका काप मारलेले. प्रत्येक घोड्याची सुरुवात त्या कापानं होते, पुढे तिथूनच कपाळ निघतं. त्यातला एक ठोकळा मी उचलला आणि ओळीच्या शेवटी ठेवला. मला फक्त त्यांना झोंबवायचं होतं. शपथेवर सांगते, एवढंच.

“हा घ्या वहिनी, याच्याहून कमी देवालासुद्धा जमायचं नाही!”

सगळे खो खो हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तो ठोकळा उचलला, उजेडात धरला, राजाच्या दांड्याशेजारी ठेवला.

“काका! हा का लपवून ठेवलात?”

“तो घोडा नाही, वहिनी,” मास्तर म्हणाले. “ठोकळा आहे. अजून सुरूच केलेला नाही.”

“म्हणूनच तर!” त्यांनी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला.

लेथवाल्यानं काप निरखला. “हे तर मशीनच्या करवतीवर मिनिटाला दहा निघतील,” तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला मोजमाप सांगायची सवयच आहे. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिवी येणार. ती यावी असं मला फार वाटत होतं. त्यांनी पाच घोडे एकेक करून खिशात घातले आणि पाणी प्यायला गेले.

वहिनी शब्दाच्या पक्क्या. घोडे मशीनवर गेले, पण टेबल राहिलं. ते उचलून पुढच्या दालनात ठेवलं, वर छान दिवा लावला, पटाश्या लहानमोठ्या अशा ओळीनं मांडल्या. मास्तरांना पॅकिंगला लावलं. खोक्यात कागद कोंबायचा, झाकण लावायचं. पाहुणे आले की त्यांना बोलावून त्या टेबलापाशी बसवायचं.

दोन महिन्यांनी त्या मोठ्या दुकानाची माणसं आली. मी तयार संच घेऊन दालनातच उभी होते.

“पहिला घोडा आमच्या काकांचा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी तो ठोकळा मास्तरांच्या हातात दिला.

एका साहेबानं विचारलं, “हा करायला किती वेळ लागला तुम्हाला?”

“अजून कुठे झालाय, साहेब?”

“वा!” साहेब शेजारच्याला म्हणाला. “काय बोलला माणूस! लिहून घे, लिहून घे.” शेजारच्यानं खरोखर लिहून घेतलं.

मास्तरांनी ओळीतली सगळ्यात बारीक पटाशी उचलली, ठोकळा डाव्या मुठीत धरला आणि तिरक्या कापाच्या जरा खाली पातं टेकवलं. एक ढलपी उडाली. मग दुसरी. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. कोणीतरी मोबाइल काढला.

वहिनींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. अगदी हलकेच, वडिलांच्या हातावर ठेवावा तसा.

“काका, नको. खराब होईल तो.”

मास्तरांनी घोडा देऊन टाकला. पटाशी तिच्या जागी ठेवली, सरळ केली, आणि ते पॅकिंगकडे निघून गेले.

“एवढी खाच काढून टाका हो,” वहिनी मला म्हणाल्या. “संध्याकाळी याचा फोटो काढायचाय.”

मी तो दिव्याखाली नेला. खाच नव्हती ती. डोळा होता, वरची पापणी तेवढी झालेली. मी पॉलिश पेपर घेतला. लाकूड मऊ होतं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.