सत्त्याऐंशी फेरे

फिरतं चाक तळहात लावून थांबवायचं, हे राजेश्रीला मी शिकवलं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर खापर फोडायची सोय नाही. तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी हे अजून कुणाजवळ बोललेलो नाही. आज तिच्या गावाला निघालोय ते एवढं एकच सांगायला.

मी गंगाखेडला एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिरत्या वस्तूंचं प्रकरण आहे, घूर्णन गतिज ऊर्जा. नाव ऐकूनच पोरं वही मिटतात. मी फळ्यावर सूत्र लिहितो, त्याखाली दोन रेघा ओढतो आणि म्हणतो, "पाठ करा, दरवर्षी येतं." खरं तर गोष्ट साधी आहे. काठाला जड असलेलं चाक एकदा फिरायला लागलं की त्याला दिलेली ऊर्जा ते पोटात धरून बसतं. तुम्ही ढकलायचं थांबवलं म्हणून ते थांबत नाही. पोटातलं संपेल तेव्हाच थांबतं. एकोणीस वर्षांत एवढ्या साध्या शब्दांत मी हे एकदाही सांगितलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला एक लोखंडी चाक बसवलंय, पुस्तकात त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या आसाला दोरी गुंडाळायची, दोरीला वजन बांधायचं आणि सोडून द्यायचं. वजन खाली येताना चाक फिरतं, मग दोरी सुटून पडते. तिथून पुढे चाक आपल्या आपण किती फेरे घेतं ते मोजायचं. त्यासाठी काठावर खडूची खूण करतात. सगळा प्रयोग त्या फेऱ्यांवर उभा आहे आणि आमच्याकडे नेमके तेच कुणी मोजत नाही. अठ्ठावीस पोरं, चाक एक, वेळ दोन तास. म्हणून रीत अशी पडली की दोरी सुटली की तळहाताने चाक थांबवायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. फेऱ्यांचा आकडा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचा. आकडा बेचाळीस. तो कुणी मोजला, कधी मोजला, देव जाणे. मी नोकरीला लागलो तेव्हाही बेचाळीसच होता. बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा बेचाळीस बघितला की निश्चिंत होतात. कुणी पोरगा विचारायचाच, "सर, याला ब्रेक न्हाई का?" मी म्हणायचो, "आपला हात जगन्नाथ." वर्ग हसायचा. मला माझ्या विनोदाचं कौतुक होतं.

राजेश्रीने मात्र मोजले. तिचं गाव गोदावरीच्या काठाने अकरा किलोमीटरवर. वडील योगीराज, तीन एकर रान, दोन म्हशी. सकाळी वैरण कापून, दूध काढून पहिल्या एसटीने यायची. एम.एस्सी. करायची म्हणायची आणि तिचं म्हणणं वावगं नव्हतं, असं डोकं मला फार वर्षांनी भेटलं होतं. तिच्या प्रयोगाच्या दिवशी आमच्या लिंबाजी शिपायाने चाकाला नुकतंच तेल घातलेलं. दोरी सुटली आणि ही ओठ हलवत उभी. पन्नास झाले, साठ झाले. मागे पोरं कंटाळली. चाक थांबलं तेव्हा तिने जर्नलमध्ये लिहिलं, सत्त्याऐंशी.

प्रयोग तीनदा करायचा असतो. दुसऱ्यांदाही ती मोजायला लागली तेव्हा माझं डोकं सटकलं.

"राजेश्री, बेल होईल. हात लाव आणि थांबव."

"सर, अजून फिरायलंय."

"दिसतंय मला. लाव हात."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "लागंल ना, सर."

"चाक आहे, साप नाही. लाव."

पोरं खिदळली. तिने डोळे बारीक करून तळहात टेकवला. चाक थांबलं. "बघ, खाल्लं का?" मी म्हणालो, तेव्हा तीही हसली. मग मी लाल पेनने तिचे सत्त्याऐंशी खोडले, वर बेचाळीस लिहिलं आणि सही ठोकली.

खेड्यात यंत्राची भीती सगळी लाईटला बांधलेली असते. लाईट आहे तोवर यंत्राजवळ जायचं नाही. लाईट गेली की यंत्र मेलं, आणि ती परत यायच्या आत काय करायचं ते उरकून घ्यायचं. सोळा दिवसांपूर्वी संध्याकाळी राजेश्री कडबा कुट्टीच्या यंत्रावर वैरण कापत होती. वैरणीतून सुतळी आत गेली आणि रोलरला गुंडाळली. तेवढ्यात लाईट गेली. यंत्राचं झाकण केव्हाच काढून ठेवलेलं, सगळेच काढतात, वैरण अडकते म्हणून. पाती बसवलेलं चाक अजून फिरत होतं, पण आवाज बसला होता. लाईट यायच्या आत सुतळी काढायची म्हणून तिने चाक थांबवायला तळहात लावला. तळहात काठावरून सरकून पात्यावर गेला.

एसटीत बसल्या बसल्या मी हिशेब केला. दुसरं काही येत नाही मला. तसलं चाक पूर्ण वेगात असताना त्याच्यात दीड हजार ज्यूल तरी असणार. म्हणजे पन्नास किलोचं सोयाबीनचं पोतं स्लॅबवरून खाली सोडावं, तेवढा मार. वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव होते. निम्म्या वेगाचं चाक डोळ्याला गरीब दिसतं, पण ते पाव पोतंसुद्धा पोरीच्या बोटांना खूप झालं. हे गणित मी वर्गात घातलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

घरापुढे गोठ्यात ते यंत्र होतं, वर पोतं टाकून झाकलेलं. योगीराज लगबगीने पुढे आले, बाज झटकली. राजेश्री दाराशी बसली होती, हात फडक्यात गळ्याशी बांधलेला. मांडीवर वही, डाव्या हातात पेन. बालवाडीतल्या पोरासारखी अक्षरं गिरवत होती.

"प्रॅक्टिकल बारा दिवसांवर आलं न्हवं, सर?" योगीराज म्हणाले. "आता काय करावं हिनं? लय हुशार, लय हुशार म्हणायले समदे. अन् फिरत्या चाकाला हात लावू न्हाई, एवढं कळना हिला. आमच्या अडाण्याला कळतंय ते."

राजेश्री खाली बघत होती. आई दगडाबाई आतून म्हणाली, "बास करा की. रोज तेच काढायलेत." त्या एका वाक्यावरून मला कळलं की या घरात सोळा दिवस हेच चाललंय आणि पोरगी जन्मभर हेच ऐकणार आहे. मी म्हणालो, "योगीराज, तिची चूक नाही. माझी आहे. चाक हाताने थांबवायचं मीच शिकवलं तिला. ती नको म्हणत होती. मी जबरदस्तीने हात लावायला लावला."

ते अंगावर येतील असं मला वाटलं. खरं सांगतो, यावेत असंच वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, तुमी लय मोठ्या मनाचे," ते म्हणाले. "पोरीला बोल लागू न्हाई म्हणून सोताच्या अंगावर घ्यायलाव. तुमी कशाला असं शिकवताल? तुमी सर हाव."

"अहो, खरंच सांगतोय मी."

"ऱ्हाऊ द्या. मनाला लावून घेऊ नका." आणि पोरीकडे वळून ते म्हणाले, "बघ. सर तुझ्यापायी सोताला दोष घ्यायलेत. लाज वाटू दे जरा." ते चहाचं सांगायला आत गेले.

जे सांगायला आलो होतो ते सांगून झालं होतं आणि त्याचाही बोजा तिच्याच अंगावर पडला. यापुढे मी कुणाला काहीही सांगितलं तरी हेच होणार.

राजेश्रीने डाव्या हाताने वही माझ्याकडे सरकवली. ती अक्षरं गिरवायची वही नव्हती, तिचं जर्नलच होतं. मागच्या कोऱ्या पानांवर गिरवणं चाललं होतं. तिने फ्लायव्हीलचं पान काढलं.

"सर, मशीनचं चाक हळू झालं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, लॅबमदल्यासारखं थांबंल."

"हो."

"लॅबमदी ते सत्त्याऐंशी येळा फिरलं होतं. माझा आकडा खरा होता ना?"

"खरा होता," मी म्हणालो. "त्या चाकावर तेवढा एकच खरा आकडा आजवर कुणी लिहिला."

लाल रेघेवर तिने अंगठा ठेवला. आवाजात राग नव्हता. वर्गात शंका विचारायची तसंच तिने विचारलं, "मग खोडला कशाला, सर?"

मी उत्तर शोधलं. एकोणीस वर्षांचा अनुभव, दोन पदव्या, सगळं धुंडाळलं. खरं उत्तर एकच होतं.

"बेल होणार होती."

समजल्यावर ती वर्गात मान हलवायची, तशी तिने हलवली आणि जर्नल मिटलं. आतून योगीराजांनी विचारलं, "सर, च्या गोड चालंल ना?" मी म्हणालो, चालेल.