हजार तास अखंड

"हात थरथरत असेल तर लिहू नकोस, पोरी. आधी पेटी उघडून परत बघून ये."

प्रयोगशाळेतल्या जुन्या साहेबांचा हा आवाज बाईंनी ऐकला त्याला तीस वर्षं झाली. आज सभागृहामागच्या खोलीत तो एकदम कानाशी आला, आणि त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

बाहेर खुर्च्या भरत होत्या. प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुखांनी, सरांनी शोधलेल्या गंजरोधक लेपाला रसायनशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळत होता. लेप सरांचा, त्याची परीक्षा बाईंची. लेप दिलेल्या लोखंडी पट्ट्या पेटीत टांगायच्या, त्यांच्यावर खाऱ्या पाण्याचं धुकं हजार तास सोडायचं, गंज येतो का बघायचं, वहीत लिहायचं. म्हणून सगळे त्यांना मीठबाई म्हणत. लोखंड तुमच्यापुढे टिकत नाही तर नवरा कसा टिकला, असं शिपाई चिडवायचा. बाईही हसायच्या.

त्या हजार तासांत चार दिवसांची सुट्टी आली होती. पाचव्या सकाळी पेटी उघडली, तर फवाऱ्याच्या तोंडाशी मिठाचा खडा बसलेला. धुकं नाही, पट्ट्या कोरड्या ठणठणीत. कधीपासून, कोण जाणे. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे दीड महिना, आणि सरांचा अहवाल तर महिनाअखेरीला. बाईंनी टाचणीनं मीठ कोरलं, चारही दिवसांचे तास वहीत भरले आणि वही मिटली. ती मिटली, पण छातीवरून काही उठली नाही.

दोन वर्षं गेली. आणि काल धाकट्या भावाचा फोन आला. तो आम्लाच्या टाक्यांवर कामाला. टाक्यांवरचा ये-जा करायचा पूल बहिणीचा लेप दिलेल्या बोल्टांवर टांगलाय, हे तो गावभर मिरवायचा. काल सहज म्हणाला, "ताई, तुझा लेप रडायला लागला बघ. एका बोल्टाखालून तांबडा ओघळ आलाय." मुकादमानं पुसून टाक म्हटलं, यानं पुसला. उद्या कामावर जाऊ नकोस म्हणून बाईंनी किती विनवलं. वाईट स्वप्न पडलं, एवढंच कारण त्या सांगू शकल्या. तो हसला. बहिणीच्या स्वप्नांवर रजा मिळत असती तर वर्षभर घरीच बसलो असतो, म्हणाला.

दार उघडलं. नवा कोट घातलेले सर आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता.

"मीठबाई, स्टेजवर माझ्याबरोबर यायचं हं. नाही म्हणायचं नाही. आणि हे भाषण तेवढं बघा, आकडा चुकायला नको."

बाईंनी कागद घेतला. 'हजार तास अखंड.' अक्षरं पोहायला लागली. नोकरीची तीन वर्षं उरलेली. पहिल्या रांगेत सरांची म्हातारी आई. घड्याळात साडेदहा, पहिली पाळी सुरू होऊन साडेतीन तास झालेले.

"बरोबर आहे ना?"

"नाही, सर." बाईंनी कागद मांडीवर ठेवला. "पेटी मध्ये बंद पडली होती. चार दिवसांचे तास मी खोटे लिहिलेत. मला काय करायचं ते करा, पण आधी त्या कारखान्यात फोन लावा. पुलावरची माणसं खाली उतरवा. माझा भाऊ आत्ता तिथं उभा आहे."