इथून पुढे खोल

मी पत्र्याची पाटी बोलतेय. पोशीरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं तळं आहे, त्याच्या काठच्या उद्यानाच्या फाटकात मी उभी आहे. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'इथून पुढे खोल'. खाली बाण. तो बाण सध्या तिकीटखिडकीकडे आहे. लोक हसतात.

मला रंगवलं नेरळच्या केतन पेंटरनं, पण मला मिळवलं ठाकरवाडीच्या आवडीनं. तळ्याचा बांध घालताना काठालगतच मुरूम उपसला होता. तो खड्डा कुणी बुजवला नाही. पाणी गुडघाभर, आणि पुढच्याच पावलाला दोन पुरुष खोल. आवडीचा भाऊ पोशा म्हशीमागे तिथे उतरला, तो वर आलाच नाही. तिनं वर्षभर कचेरीत खेटे घातले, तेव्हा त्या काठावर, जांभळीखाली मला रोवलं.

नऊ वर्षं उभी होते. ऊन खाल्लं, कावळ्यांनी घाण केली, कुणी माझ्यावर प्रेयसीचं नाव कोरलं. पण माझ्यासमोर एकही माणूस बुडाला नाही.

गेल्या वर्षी सुशोभीकरण झालं. खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, "पाटी फाटकात घ्या. येणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे." मला उपटून इथे सिमेंटमध्ये गाडलं. माझ्यावरचं 'इथून' म्हणजे कुठून, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. कागदावर मी आहे ना, झालं!

मग आवडीनं जांभळीला लाल फडकं बांधलं. धोका कळावा म्हणून. शहरातल्या पाहुण्यांना वाटलं, देवाचं ठिकाण. कुणी नारळ ठेवला, कुणी हळदकुंकू वाहिलं. आता येईल तो तिथेच चपला काढतो आणि पाय धुवायला नेमका तिथेच पाण्यात उतरतो. आवडीनं फडकं सोडलं, तर लोकांनी नवं बांधलं. शेवटी ती करवंदांची पाटी घेऊन तिथेच बसू लागली. दिवसभर माणसं मागे वळवायची.

आजपासून विक्रेत्यांना आत बंदी आहे.

"आवडे, भायेर हो गं. साहेबांचा हुकूम हाय," राखणदार रोहिदास म्हणाला.

"रोयदासा, तुला खड्डा ठावं हाय ना रं? मंग तू जाऊन बस तिथं."

"मी फाटक सोडलं तर नोकरी जाईल माजी."

तेवढ्यात एक कुटुंब तिकीट काढून आत गेलं. आईबाप, आणि पिवळ्या फ्रॉकमधली पोर. आवडी फाटकाच्या गजांतून ओरडली, "ओ ताई, फडक्यापाशी जाऊ नका! खोल हाय!"

बाई मागे वळून हसली. "येताना घेऊ हं मावशी!"

तिला वाटलं, करवंदं.

आवडी आता माझा खांब दोन्ही हातांनी हलवतेय. सिमेंट पक्कं आहे. या खात्याचं एवढं एकच काम पक्कं झालंय. रोहिदास मान खाली घालून तिकिटं फाडतोय. पोरीनं जांभळीखाली चपला काढल्या. मला इथून दिसतंय.

तुम्ही रांगेत उभे राहून मला वाचताय ना? तुमच्या हातात तिकीट आहे. तुम्हाला आत सोडतील.

हसू नका. पळा.