दीक्षाची चौकशी

सीमाने भाकरी तव्यावर टाकली आणि आतल्या खोलीतलं हसू ऐकून ती उलटायचीच विसरली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिच्या सासूबाई, पार्वतीबाई, खाटेवर होत्या. दोन वर्षं त्यांचं सगळं सीमानेच केलं होतं, पण असं खळखळून हसणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. करपल्याचा वास सुटला तेव्हा तिने भाकरी काढून बाजूला ठेवली. दीक्षाला हीच वाढायची, हेही मनाशी ठरवून टाकलं.

दीक्षा त्यांच्याच गावातली, न्हावऱ्यातली, बुद्धविहारामागे राहणारी. शिरूरला रुग्णसेवेचा कोर्स करून आली होती. सीमाच्या नवऱ्याने तिला महिन्यापूर्वी सासूबाईंजवळ दिवसभरासाठी ठेवलं, सीमाला जरा आराम पडावा म्हणून. आराम कसला, नुसता जळफळाट. सासूबाई आता वेणी घालून घ्यायच्या तर दीक्षाकडून. लग्नात वऱ्हाडाची बैलगाडी घोडनदीच्या वाळूत रुतली होती, ही गोष्ट त्यांनी दीक्षाला रंगवून सांगितली. घरची सून असून सीमाला ती भिंतीआडून ऐकावी लागली.

एकच आशा होती. शिक्रापूरच्या एका दवाखान्यात दीक्षाची नोकरी पक्की झाली होती, पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. ती झाली की पोरगी जाणार होती.

दीक्षा गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेली आणि नेमके तेव्हाच पोलीस पाटील हनुमंतराव दारात आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले, मग विषयाला आले.

"दीक्षा कशी हाय, सीमा? जिथं काम करती तिथं इचारून या, म्हणलेत ठाण्यातनं."

सीमाने पदराला हात पुसले. एक वाकडा शब्द टाकला असता तर पोरीची नोकरी गेली असती. पण मग ती इथेच राहिली असती.

"लई गुणाची पोर हाय, मामा," ती म्हणाली. "कपाट उघडं टाकून म्या मळ्यात जाती. कशाला हात लावत न्हाई."

"म्हाताऱ्या माणसावर चिडती का?"

"कवाच न्हाई."

"बग हां. दवाखान्याचं काम हाय. उद्या कुणाची आई-आजी तिच्या हातात द्यायचीय."

"खुशाल द्या." सीमाला आता चेव चढला होता. "अंथरूण खराब झालं तरी तोंड वाकडं करत न्हाई. हाक ऐकू आली की भरल्या ताटावरनं उठती. पाठीला जखम व्हऊ नये म्हणून सारखी कूस बदलून देती, सोताची कंबर भरून आली तरी. रातच्याला कितींदा बी हाक मारा, उठती. कुणाला सांगत बी न्हाई."

हनुमंतराव खूश झाले. "अशी माणसं मिळत न्हाईत गं आता. मग माझी काय अडचण न्हाई. कागद लवकरच हुईल तिचा."

ते गेले. सीमाला हायसं वाटलं. ती ताट घेऊन आत गेली. पार्वतीबाई ओसरीकडच्या खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"ऐकलं म्या समदं," त्या म्हणाल्या. "लई गोड बोललीस. तिला घालवायची घाई झालीया व्हय?"

सीमा चपापली. "खोटं काय सांगितलं, आत्याबाई?"

"खोटं न्हाई गं. पर दीक्षा दिवस मावळायला घरी जाती. रातच्याला उठतं कोण?"

सीमाने ताट स्टुलावर ठेवलं. ती पांघरुणाचं टोक उगाच नीट करत राहिली.

पार्वतीबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "नोकरीला लागायची म्हणून तिची चौकशी झाली. तुझी करायला कुणी आलंच न्हाई. आलं असतं, तर म्या बी हेच सांगितलं असतं."

बाहेर दीक्षाने चपला काढल्याचा आवाज झाला.

"वैनी, लई भूक लागलीय," ती दारातूनच म्हणाली.

"बस," सीमा म्हणाली.

तिने करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतली आणि पुन्हा तवा चढवला.