तीन रात्रींची खोली

एकट्या पोरीनं गुलबर्ग्यात भाड्याची खोली विचारली की लोक काय काय विचारतात, त्याची यादीच श्रीदेवीनं वहीच्या मागच्या पानावर करून ठेवली होती. लग्न ठरलंय का? नाही, तर कामून नाही? अंडी खाता का? डोक्यावरून पाणी किती दिवसाला घेता? एका बाईनं तर दारातूनच विचारलं, "तू रडकी न्हाईस न्हवं? आधीची लई रडायची बघ, आमाला झोप न्हाई." श्रीदेवी म्हणाली, न्हाई हो, मी कुठली रडायला! आणि जिना उतरून खाली आल्यावर तिला हसावं की रडावं तेच कळेना.

ही २००१ सालची गोष्ट. श्रीदेवी बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळची. बाप बिराप्पा, आपल्या दोन भावांबरोबर मेंढरं राखणारा. पोरगी बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली, वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला, वर्ग सुरू झाले. फक्त हॉस्टेलात जागा नव्हती. यादीत ती चौतिसावी. म्हणजे तेहतीस पोरींची लग्नं झाल्याशिवाय हिला खाट मिळायची नाही!

मदतीला धावली ती औरादची राजश्री. ती दुसऱ्या वर्षाला होती आणि दोघींची ओळख फक्त बसमधली, पण तिनं बिनधास्त श्रीदेवीला आपल्या खाटेखाली झोपायला जागा दिली. "पाय बाहेर काढू नगंस, वॉर्डनबाईला बोटं दिसतील," असं म्हणायची, आणि दोघी ओढणी तोंडात कोंबून हसायच्या. नवव्या दिवशी वॉर्डनबाईंना बोटं दिसली. रविवारपर्यंत मुदत मिळाली, तीही राजश्रीनं पाय धरले म्हणून.

बापानं निघतानाच सांगून ठेवलं होतं, "म्हयन्याला दोनशे रुपये धाडीन. त्यात भागलं तर शीक. न्हाई भागलं तर तोंड पाडू नगंस, गुमान घरला ये. बसवकल्याणला शाळेत बाई पायजे म्हनायलेत." बाप कठोर नव्हता, त्याच्याकडं होतं तेवढं त्यानं सांगितलं. पण दोनशेत गुलबर्ग्यात खोली सोडा, गोठाही मिळत नव्हता. रविवारी खोली नाही तर सोमवारी मंठाळची बस, आणि एम.एस्सी. संपली.

शनिवारी दुपारी ती विद्यापीठाच्या मागच्या अंगाला गेली. तिकडं प्लॉट पाडून पांढरे दगड रोवलेलं रान होतं, आणि मधेच, कुणी विकत मागितली तरी न विकलेली, दोन एकर कागदी लिंबाची बाग. बाग शरणप्पा मास्तरांची. मास्तर गणिताचे, नुकतेच रिटायर झालेले. नोकरीची बावीस वर्षं औरादकडं काढल्यामुळं मराठी आपल्यासारखीच बोलायचे. बागेच्या कोपऱ्यात पंपाची जुनी खोली होती, ती त्यांनी चुना मारून भाड्यानं काढली होती.

"चारशे रुपये. सहा महिन्यांचं आगाऊ," मास्तर म्हणाले.

श्रीदेवीनं खोलीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. तिचं लक्ष झाडांवर. पानं पिवळी, फळं बोराएवढी. ती खाली बसली, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली.

"मास्तर, राग मानू नका. ह्या मातीत दम न्हाई."

"अगं, पोत्यांनी युरिया घालतोय!"

"त्यानं पानं हिरवी होतील. जमिनीचं काय? हितं मेंढरं बसवायला पायजेत."

आता मेंढरं बसवणं म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. रात्री अख्खा कळप रानात जाळी लावून बसवायचा. लेंडी आणि मूत थेट मातीत, सकाळी कळप पुढच्या रानाला. मालक त्याबद्दल जोंधळे देतो आणि राखणाऱ्यांना रात्रीची भाकरी. आमच्याकडं शेकडो वर्षं हेच चालत आलंय, आणि ह्या खतापुढं पोत्यातलं खत झक मारतं.

श्रीदेवीच्या तोंडून शब्द निघून गेला. कसा गेला ते तिलाही कळलं नाही. "आमची साडेतीनशे मेंढरं हायत. कार्तिकात कळप हिकडं उतरतो. तीन रात्री तुमच्या बागेत बसवते. त्याच्या बदल्यात वर्षभर ही खोली मला द्या. कार्तिक संपंपर्यंत कळप आला न्हाई तर त्या दिवशी पेटी उचलून जाईन."

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडायला घेतला. तेवढ्यात त्यांची बायको मल्लम्मा कमरेवर हात ठेवून दारात आली. "मातीला हात लावून बोलायलीय पोरगी. तुमी काय पेन्सिल घासत बसलाव? ठेवून घ्या."

झालं! खोली मिळाली. श्रीदेवी हॉस्टेलपर्यंत पळत गेली, राजश्रीच्या गळ्यात पडली, दोघींनी गोल गोल उड्या मारल्या. आणि मग एकदम श्रीदेवी खाटेवर बसली.

कारण कळप तिचा नव्हता. एकट्या बापाचाही नव्हता. कळप तीन भावांचा, रात्रीचे जोंधळे तिघांत वाटायचे, आणि बोली करायचा मान फक्त बिराप्पाचा. ती बोलीसुद्धा साधी नाही. डोक्याचा रुमाल काढायचा, दोघांच्या हातांवर टाकायचा, आणि आत बोटं धरून भाव ठरवायचा. बाहेरच्याला काही दिसत नाही. मान्य असलं की अख्खा पंजा दाबायचा. पंजा दाबला की सौदा पक्का, मग मोडायचा नाही. लहानपणी श्रीदेवी रुमालाखाली डोकावायला जायची तर काका हाकलायचा, "चल पळ, हे पोरीबाळींचं काम न्हाई." आणि आता त्याच पोरीनं, न विचारता, तीन रात्री देऊन टाकल्या होत्या!

तिनं गावातल्या दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं. अंबुबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं भवाने!" पैसे पडत चालले होते. शेवटी ती म्हणाली, "तू शिकायचं बघ. तुझ्या अप्पाला कसं सांगायचं ते म्या बघते."

मग काय, दिवस मजेत गेले! खोलीचा पत्रा दुपारी तापायचा, पण श्रीदेवी सारा दिवस प्रयोगशाळेत. संध्याकाळी मल्लम्मा गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची आणि हिला कन्नड वाचायला शिकवायची. चुकलं की डोक्यात टपली. रविवारी राजश्री यायची, खाटेवर पाय बाहेर काढून ऐसपैस झोपायची आणि म्हणायची, "बघू दे कुनाला बघायची हायत बोटं!" इतकी स्वस्त आणि इतकी सुखाची खोली सगळ्या विद्यापीठात कुणाची नव्हती.

दिवाळी आली आणि गेली. कार्तिकी पौर्णिमा गेली. कळपाचा पत्ता नाही. मास्तर रोज सकाळी कॅलेंडरपाशी उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत, हेच श्रीदेवीला जास्त लागायचं. कार्तिक संपायला तीन दिवस उरले तेव्हा तिनं पेटी भरायला घेतली. मल्लम्मा म्हणाली, ठेव ती पेटी. श्रीदेवी म्हणाली, "न्हाई अव्वा, शब्द शब्द असतो." आणि ज्या पोरीनं मी मुळीच रडत नाही म्हणून सांगितलं होतं ती पेटीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत पानाचा पातळ काप काचेवर ठेवत होती, तेवढ्यात बाहेर घंट्या वाजल्या. तिचा हात थांबला. ह्या घंट्या तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकलेल्या. ती खिडकीशी गेली आणि बघते तर काय! विद्यापीठाच्या भर रस्त्यात साडेतीनशे मेंढरं, मधे एक प्राध्यापक स्कूटरवर अडकलेले, कुलगुरूंची गाडी हॉर्न वाजवून दमलेली, आणि सगळ्यांच्या पुढं, खांद्यावर घोंगडं, बिराप्पा! वाटेत ओढ्याला पाणी होतं म्हणून लांबून वळसा घालून आला होता.

"अप्पाऽऽ!" श्रीदेवी पांढऱ्या कोटासकट धावली. बाप थबकला. त्यानं पोरीला आधी ओळखलंच नाही. मग म्हणाला, "डाक्टर झालीस व्हय गं?"

कळप बागेत शिरला. एका मेंढ्यानं पहिल्या फटक्यात मल्लम्माची शेवंती फस्त केली. भावांनी जाळी लावली, मास्तर आनंदानं इकडून तिकडं नाचत होते. आणि मग बिराप्पा ओट्यावर येऊन बसला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तर मास्तर, तीन रातींचे दोन पोती जोंधळे. आन् रोज तिघांच्या भाकरी."

"जोंधळे?" मास्तर गोंधळले. "कसले जोंधळे? खोलीच्या बदल्यात ठरलंय की!"

"कंची खोली?"

सगळ्यांनी श्रीदेवीकडं बघितलं. अंबुबाईनं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं की पोरीच्या मास्तरांचं रान आहे, तीन रात्री बसवा. खोलीचं भाडं पोरगी त्या दोनशेतच भागवतेय, अशी त्याची समजूत तशीच राहू दिली होती. आणि ते दोनशे श्रीदेवी खानावळीला आणि पुस्तकांना घालवत होती.

श्रीदेवीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बिराप्पाचा चेहरा काळा पडला. "कळपाचा शब्द देनारी तू कोन? माझं ऱ्हाऊ दे. ह्या दोघांच्या लेकरांच्या तोंडचे जोंधळे तू परस्पर दिलीस. इचारलीस का?"

"विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असताव," श्रीदेवी म्हणाली. "चुकलंच माझं. काकांचे जोंधळे मी नोकरी लागल्यावर फेडीन. पन अप्पा, मला शिकायचं हाय."

धाकटा काका उगीच खाकरला. बिराप्पानं बागेकडं बघितलं. मग त्यानं सावकाश डोक्याचा रुमाल सोडला.

"शब्द गेलाय, तर आता माघारी घेता येत न्हाई. पन बोली रीतीनं झाली पायजे. हात आना मास्तर."

मास्तरांनी हात पुढं केला. बिराप्पानं त्यावर रुमाल टाकला आणि आत मास्तरांची बोटं धरली. आता मास्तर गणिताचे असले तरी बाजारात मेंढरू कधी घेतलेलं नाही. त्यांना वाटलं, हा भला माणूस मनातलं सगळं विसरून आपले आभार मानतोय. त्यांनी दुसराही हात रुमालाखाली घातला आणि बिराप्पाचा अख्खा पंजा दोन्ही हातांनी प्रेमानं दाबला.

"झाला!" दोन्ही काका एकदम ओरडले. थोरल्यानं कमरेची पिशवी सोडून मास्तरांच्या डोक्यावर भंडारा उधळला. मास्तर पिवळेधमक.

"काय झाला?" मास्तरांनी विचारलं.

"सौदा," बिराप्पा म्हणाला. आता मात्र त्यालाही हसू आवरेना. "माझ्या वाट्याच्या बदल्यात पोरगी ऱ्हानार. ह्या दोघांच्या वाट्याचे जोंधळे तुमी देनार. आन् दोन बोटं धरली हुती ती दोन वर्सांची. शिक्षन पुरं हुईस्तोवर खोली तिची, दर कार्तिकात कळप तुमचा. पन तुमास्नी ठाऊक नव्हतं. मोडायचं तर मोडा, मी काय म्हननार न्हाई."

मल्लम्मा पोट धरून हसत होती. "चाळीस वर्षं पोरांना बोटं मोजायला शिकवलाव, आन् आज दोन बोटं मोजता आली न्हाईत!"

मास्तरांनी चष्म्यावरचा भंडारा पुसला. खिशातल्या पेन्सिलीकडं हात गेला, पण त्यांनी तो परत घेतला. "मोडत नाही," ते म्हणाले. "पण बिराप्पा, तीन रात्री आहेत. हे बोटांचं गणित मला शिकवूनच जायचं."

आणि खरंच, पुढच्या तीन रात्री जेवणं झाली की मास्तर आणि बिराप्पा ओट्यावर रुमालाखाली हात घालून बसायचे. मास्तर दर वेळी हरायचे आणि लहान पोरासारखे "परत, परत" म्हणायचे. राजश्रीही वसतिगृहातून भाकरी थापायला आली होती, ती हसून हसून तव्यावरची भाकरी करपवायची.

चौथ्या दिवशी सकाळी काकांनी आवराआवर सुरू केली. बिराप्पा खोलीच्या दाराशी आला. आत टेबलावरची पुस्तकं, भिंतीवर चिकटवलेली वाळलेली पानं, सगळं त्यानं बाहेरूनच बघितलं. मग डोक्याचा रुमाल सोडला.

"हात आन."

श्रीदेवीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिच्या घराण्यात कुठल्या बाईचा हात आजवर रुमालाखाली गेला नव्हता. मागं थोरला काका जाळी गुंडाळायचा थांबला.

"कळपाचा शब्द देतीस, मग रीत यायला नगं?" बाप म्हणाला. "फुडल्या सालची बोली मास्तरासंगं तूच कर. किती रातींची, बोल. पन तोंडानं न्हाई."

श्रीदेवीनं हात पुढं केला. वर रुमाल पडला. आतला तो खरबरीत हात तिला सापडला, आणि तिनं त्याची चार बोटं धरली.

बिराप्पा हसला. "तीनच ठरल्यात की गं. मास्तराची बाजू घ्यायलीस व्हय?"

"फुडल्या सालचं न्हाई, अप्पा," श्रीदेवी म्हणाली. "आत्ताचं."

तिनं बोटं सोडली नाहीत. बाप तिच्याकडं बघत राहिला, आणि मग रुमालाखाली त्यानं तिचा अख्खा पंजा दाबला.

"ए बंडेप्पा!" त्यानं मागं वळून भावाला हाक मारली. "जाळी ऱ्हाऊ दे रं आजच्या रात. सौदा झालाय."