मागच्या सीटवरचा पाय

जोडीतला डावा बूट मी. उजवा फारसा बोलत नाही, आणि जे घडलं ते डावीकडेच घडलं, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं आहे. अजूनही तो दिवस आठवला की माझी शिवण आवळल्यासारखी होते.

मी म्हशीच्या जाड कातड्याचा, मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेला. टाचेत कडक वाटी, बोटांवर टणक टोपी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना आत लपवलेल्या चकत्या. नाकावर एक जादा पट्टी, कारण गिअर डाव्या पायाने पडतो आणि तो दांडा रोज तिथेच घासतो. उजव्याला ती पट्टी नाही. ज्या बाईने मला शिवलं, तिने प्रत्येक गाठ दोनदा मारली होती. तिचे स्वतःचे पाय मात्र अनवाणी होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बोईसरला हेतलताईंच्या दुकानात मी आठ महिने फळीवर बसून काढले. गिऱ्हाइकं हेल्मेटचा रंग निवडायला अर्धा तास घालवायची. मला उचलायची, जड आहे म्हणून परत ठेवायची, आणि पायातल्या रबरी चपलेनेच किक मारून निघून जायची. फळीवरून मला त्यांच्या उघड्या टाचा दिसत राहायच्या.

मग एका रविवारी सातपाटीहून येसूबाई आल्या, मुलाला घेऊन. मुलगा दर्पण तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होता, येसूबाई बोईसरच्या बाजारात मासे विकायच्या. माशांचे टब गावातल्या बायकांच्या टेम्पोतून पुढे जायचे. टेम्पोत बसायला जागा नसायची, म्हणून त्या रोज सकाळी दर्पणच्या मागे बसून यायच्या. कारखान्याचे बूट कारखान्यातच राहायचे, त्यामुळे गाडीवर दर्पणच्या पायात सँडल. त्याच्याबरोबर काम करणारा सरावलीचा अंकुश आदल्या आठवड्यात अशाच सँडलवर गाडीवरून पडला आणि त्याच्या टाचेचं कातडं सोलून निघालं. दर्पणने ते जेवताना सहज सांगितलं होतं. येसूबाईंनी तेव्हाच ताट बाजूला सारलं.

"दिसतो कसा ते शेवटी बघा," हेतलताई दर्पणला म्हणाल्या. "आधी घोटा झाकतो का ते बघा. मग तळवा, पाण्यावर आणि तेलावर धरतो का. नाडी नको, ती लोंबते आणि अडकते. याला झिप आहे, वरून पट्टा."

त्यांनी त्याला मी पायात असतानाच दुकानाबाहेर त्याच्या गाडीवर बसवलं आणि गिअर टाकून बघायला लावलं.

"बोटं हलतात आत?"

"हलतात."

"टाच सुटते?"

"नाय."

दर्पणची नजर मात्र पांढऱ्या स्पोर्ट शूजवर होती. तेव्हा येसूबाईंनी मला हातात घेतलं. पापलेटचा कल्ला उघडून बघावा तसं माझं तोंड उघडून आत पाहिलं, घोट्यावर अंगठा दाबला, आणि दोन्ही हातांनी मला पिळून पाहिलं.

"हाच दे, बाय," त्या म्हणाल्या. "हा मुरगळत नाय."

त्यानंतरचे चार महिने माझ्या सुखाचे. सुरुवातीला दर्पण कुरकुरला, मग त्याला माझी सवय झाली. संध्याकाळी येसूबाई ओल्या फडक्याने मला पुसायच्या. सकाळी शिरगाव, पालघर, उमरोळी करत आम्ही बोईसरला यायचो. येसूबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या. माझ्यापासून वीतभर मागे त्यांचा पाय असायचा, निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपलेतला. रोज दिसायचा मला तो. रोज.

त्या दिवशी बोईसर जवळ आलं होतं. वळणावर कुठल्यातरी टँकरमधून तेल सांडलं होतं, रस्त्याच्या रंगाचंच. दर्पणने वेग कमी केला होता, तरी पुढचं चाक सटकलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी होऊन घसरत गेली.

इंजिनाचा सगळा भार माझ्यावर आला. घोट्याची चकती कातड्यात रुतली, पण वाकली नाही. डांबराने माझी बाजू खरवडून काढली. आत दर्पणची बोटं हलली, एकदा, दोनदा, पाचही. मला वाटलं, जमलं. ज्यासाठी मला बनवलं ते मी केलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पलीकडून ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. "पहले गाडी उठाओ, अम्मा का पैर दबा है," तो म्हणाला. दोघातिघांनी गाडी उचलली. दर्पण स्वतःच्या पायांवर उभा राहिला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं, येसूबाई उठून बसल्या होत्या, बोलत होत्या.

"आये, लागला नाय ना?"

"नाय रे. माजी चप्पल बघ कुठं गेली."

चप्पल रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला पडली होती. दर्पण ती घेऊन आला, गुडघा टेकून खाली बसला आणि लहान मुलाच्या पायात घालावी तशी आईच्या पायात घालायला गेला. तिथेच थांबला.

मी त्या पायाला जवळजवळ टेकलो होतो. दोन बोटं जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. टाचेकडे बघवत नव्हतं. येसूबाईंना अजून दुखतही नव्हतं. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या, तो चप्पल का घालत नाही म्हणून.

पालघरच्या दवाखान्यात मला आणि उजव्याला दाराबाहेर काढून ठेवलं होतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. मांडीचं कातडं काढून टाचेला लावावं लागेल, चालता येईल पण वेळ जाईल, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला उचललं आणि खरवडलेली बाजू पाहिली.

"तुमचा पाय यात होता?"

"हो."

"मग आईंच्या पायात काय होतं?"

डॉक्टरांनी मला सावकाश खाली ठेवलं.

चौथ्या दिवशी दर्पण आम्हाला पिशवीत भरून हेतलताईंच्या दुकानात गेला. "ताई, हे ठेवून घ्या. माझ्याने घालवत नाहीत." काय झालं ते त्याने सांगितलं. हेतलताई स्टुलावर बसल्याच.

"त्या इथे उभ्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुमचा घोटा, तुमची टाच, सगळं विचारलं मी. मागे कोण बसतं, त्याच्या पायात काय असतं, हे कधी कुणालाच विचारलं नाही. इतकी वर्षं दुकान चालवते मी." त्यांनी पिशवी परत त्याच्या हातात दिली. "बूट मी घेणार नाही. आईंना विचारा आधी."

त्याने आईला काही विचारलं नाही. आम्हाला घरात खाटेखाली सारलं आणि रबरी चपला घालून कामावर जाऊ लागला. तिच्या पायाला जे नव्हतं ते आपल्या पायालाही नको, असं त्याने मनाशी धरलं होतं. मी खाटेखाली पडून ती चप्पल रोज बाहेर जाताना ऐकायचो आणि संध्याकाळी परत येईपर्यंत हादरलेला असायचो.

येसूबाई महिन्याने घरी आल्या. दुसऱ्याच सकाळी त्यांनी दर्पणला चपलेत गाडीकडे जाताना पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही. त्या वाकल्या, खाटेखालून आम्हाला ओढून काढलं, एका हाताने काठी धरली आणि दुसऱ्या हाताने आम्हाला छातीशी. दारापर्यंत आठ पावलं होती. डॉक्टरांनी अजून चालू नका म्हणून बजावलं होतं. प्रत्येक पावलाला त्यांचा श्वास अडकत होता, तो माझ्या कातड्याला लागत होता.

"आये, काय करते?" दर्पण धावत आला.

त्यांनी आम्हाला त्याच्यापुढे ठेवलं. "माजा पाय गेला म्हणून तुजा पण घालवतो? काय करू मी ते दोन पाय बघून?"

"तुला घ्यायला पायजे होते, आये. माज्या डोक्यातच नाय आलं."

"माज्या तरी कुटं आलं? मीच तर पिळून बघितला हा. सोताच्या पायाकडं बघितलं पण नाय." त्या उंबऱ्यावर बसल्या. "घाल."

त्याने मला पायात घातलं. झिप दोनदा अडकली.

पायाची जखम भरून आल्यावर तो त्यांना घेऊन हेतलताईंकडे गेला. त्यांच्या मापाचे बूट दुकानात नव्हते, बाहेरून मागवावे लागले. दुखऱ्या पायाला पूर्ण उघडणारी झिप हवी होती, आत मऊ अस्तर हवं होतं. येसूबाईंनी एकच विचारलं, "माशाच्या पाण्यात घसरणार नाय ना?" आता त्या लुगड्याचा कासोटा घट्ट मारून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतात. डाव्या बुटाच्या टोकात रोज सकाळी कापडाचा बोळा भरावा लागतो. तो भरताना मी शेजारीच असतो. मला अजून सवय झालेली नाही.

माझा तळवा आता झिजला आहे, वर्षभरात मला बदलावं लागेल. जायच्या आधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. बूट घ्यायला जाल तेव्हा घोटा बघा, टाच बघा, तळवा बघा, पण जितके पाय गाडीवर असतात तितके मोजून घ्या. मी रोज रस्त्यावर बघतो. पुढच्याच्या पायात बूट, आणि मागे कुणाची बायको, कुणाची बहीण, अंगठ्यावर चप्पल तोलून बसलेली. चाक तिच्या पायापासून चार बोटांवर फिरत असतं, आणि ती निवांत बोलत असते.

दर्पण हल्ली गाडी चालू करण्याआधी खाली उतरतो. आई मागे बसलेली असते. तो वाकतो, तिच्या दोन्ही बुटांच्या झिपा हाताने तपासतो आणि दोन्ही पाय पायदानावर नीट ठेवतो. "चल आता, उशीर झाला," असं येसूबाई रोज म्हणतात. तो पुन्हा एकदा हात लावून बघतो.