आईचा निळा जग

अमेरिकेतल्या एका बेटावरच्या गुल्ला लोकांच्या, म्हणजे तिथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या, उत्सवात ओडेसा यंदा राणी झाली. त्यांचं कबरस्तान आता रिसॉर्टच्या फाटकाआड होतं. पाहुण्यांपुढे गायचं तिने कबूल केलं, ते आईच्या कबरीवर एकदा डोकं टेकायला मिळावं म्हणून. तिथे कुणाच्याच उशाशी दगड नव्हता. गेलेल्या माणसाने शेवटचं वापरलेलं भांडं फोडून मातीवर ठेवायचं, तीच त्याची खूण. आईचा निळा जग होता.

रिसॉर्टचा मॅनेजर स्वतः पुढे चालला. “खास तुमच्यासाठी साफ करून घेतलं, राणीसाहेब! फुटक्या बश्या, शिंपले, बाटल्या... ट्रकभर कचरा निघाला बघा.”

समोर समुद्रापर्यंत सारखी कापलेली हिरवळ होती.

“कचरा तुझ्या तोंडात,” बरोबर आलेली टेमर मावशी पुटपुटली. मग ती हिरवळीवर इकडून तिकडे बघू लागली. “ओडेसा, आमची ताई कुठे गं?”

“तू होतीस ना पुरताना?”

“होते. पण मी जग बघून यायचे गं, जागा बघून नाही.”

ओडेसाने पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. पायाखाली कोण असेल, सांगता येत नव्हतं. तिकडे माइकवर तिचं नाव पुकारत होते. तिने चपला काढल्या, होती तिथेच गुडघे टेकले आणि कुणाच्या मातीवर टेकतो आहोत हे न कळताच मुकुटासकट डोकं टेकवलं.